तीन घरे, अर्धा तास आणि वीस वर्षे

घर विकत घेणे हा सर्वसामान्य माणसाच्या आयुष्यातील सर्वांत मोठा आर्थिक व्यवहार होय. बहुतेकांच्या वाट्याला तो एकदाच येतो. फार झाले तर दोनदा. ‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण या व्यवहारातील दगदग, खर्च आणि धास्ती यांची साक्ष देत आली आहे. असा हा व्यवहार लोक एक दिवस जेवणानंतरची करमणूक म्हणून पाहू लागतील, अशी कल्पना आपल्या आजोबा-पणजोबांना कोणी सांगितली असती, तर त्यांनी ती हसण्यावारी नेली असती. आज मात्र जगातील अनेक देशांतील कोट्यवधी प्रेक्षक परक्या माणसांची घरखरेदी दूरचित्रवाणीवर मोठ्या आवडीने पाहतात.

या कार्यक्रमांचा जन्म मुख्यतः अमेरिका आणि ब्रिटन या दोन देशांत झाला. अमेरिकेत एचजीटीव्ही या वाहिनीवर १९९९ मध्ये ‘हाउस हंटर्स’ सुरू झाला. त्याची चौकट अगदी साधी आहे. एक कुटुंब, त्याचे एक अंदाजपत्रक आणि तीन घरे. एजंट घरे दाखवतो; कुटुंब स्वयंपाकघर, कपाटे, परसदार न्याहाळून आपले मत देते; एक घर बाद होते; उरलेल्या दोहोंमध्ये पतिपत्नीची थोडी ओढाताण होते आणि अर्धा तास संपता संपता निवड जाहीर होते. शेवटी काही काळानंतर त्याच घरात सुखाने नांदणारे कुटुंब दिसते आणि पडद्यावर नावे सरकू लागतात.

ब्रिटनमध्ये ही लाट त्याच सुमारास आली. ‘लोकेशन, लोकेशन, लोकेशन’ २००० मध्ये, ‘प्रॉपर्टी लॅडर’ २००१ मध्ये, ‘एस्केप टू द कंट्री’ २००२ मध्ये आणि लिलावातील घरांवर आधारलेला ‘होम्स अंडर द हॅमर’ २००३ मध्ये सुरू झाला. पुढे उपग्रह वाहिन्यांनी आणि त्यानंतर इंटरनेटवरील सेवांनी हे कार्यक्रम भारतीय घरांतही आणले. २०१९ पासून दाखवली जाणारी ‘सेलिंग सनसेट’ ही नेटफ्लिक्सची मालिका लॉस एंजेलिसमधील आलिशान बंगल्यांच्या विक्रीवर आहे. त्या बंगल्यांशी ज्यांचा आयुष्यात कधीही संबंध येणार नाही, असे प्रेक्षक इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील दोन खोल्यांच्या सदनिकेत बसून ती पाहू शकतात. तेव्हा या आकर्षणाचे मूळ नेमके कशात आहे, हा प्रश्न सहज मनात येतो.

आकर्षण कशाचे?

पहिले कारण उघड आहे. दुसऱ्याचे घर आतून कसे असेल, याचे कुतूहल मनुष्यस्वभावातच आहे. शेजारी नवे बिऱ्हाड आले की चहाच्या निमित्ताने आत डोकावण्याची इच्छा कोणाला होत नाही? दूरचित्रवाणी हे डोकावणे विनासंकोच करू देते. जाण्याचे निमित्त शोधावे लागत नाही आणि यजमानाच्या पडद्यांचे खोटे कौतुकही करावे लागत नाही.

दुसरे कारण म्हणजे मत देण्याचा आनंद. ‘ते पहिलेच घर घ्यायला हवे होते’ असे प्रेक्षक छातीठोकपणे सांगू शकतो, कारण त्या निर्णयाचा एक रुपयाही त्याच्या खिशातून जाणार नसतो. क्रिकेट पाहताना प्रत्येक जण कर्णधार होतो, तसा येथे प्रत्येक जण खरेदीदार होतो. त्यातून घराघरांत चर्चाही होते. पत्नीला मोठे स्वयंपाकघर महत्त्वाचे वाटते, सासऱ्यांना तळमजला हवा असतो, मुलाला स्वतंत्र खोली हवी असते, या गोष्टी परक्या कुटुंबाच्या निमित्ताने बोलल्या जातात. एरवी त्या मनातच राहिल्या असत्या. हा या कार्यक्रमांचा लाभच मानला पाहिजे.

तिसरे कारण अधिक खोल आहे. प्रत्यक्षातील घरखरेदी महिनोन्महिने रेंगाळते. आवडलेले घर परवडत नाही, परवडणारे आवडत नाही, दोन्ही जुळले तर कागदपत्रे जुळत नाहीत. या साऱ्या गुंत्याला कार्यक्रमात आरंभ, मध्य आणि शेवट मिळतो. तिन्ही घरे विक्रीसाठी खुली असतात, मालकीचा वाद नसतो, एजंट हसतमुख असतो आणि निवड हमखास होते. आयुष्यातील सर्वांत अवघड निवड अर्ध्या तासात सुटल्याचे समाधान प्रेक्षकाला मिळते. दिवसभर न सुटणाऱ्या प्रश्नांशी झगडून आलेल्या माणसाला याहून सुखद दुसरे काय असणार?

ही निवड किती खरी असते, याचेही उत्तर मिळून चुकले आहे. ‘हाउस हंटर्स’मध्ये सहभागी झालेल्या एका महिलेने २०१२ मध्ये उघड केले की, चित्रीकरण सुरू झाले तेव्हा तिच्या कुटुंबाचा घराचा सौदा आधीच ठरलेला होता. खरेदीच्या प्रक्रियेत बरीच पुढे गेलेली कुटुंबेच आपण निवडतो, असे वाहिनीनेही त्यानंतर मान्य केले. हे कळल्यावर कार्यक्रम ओस पडायला हवा होता. तसे झाले नाही. प्रेक्षक पूर्वीइतक्याच आवडीने तो पाहत राहिले. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. या कार्यक्रमांकडून प्रेक्षकाला घरखरेदीची माहिती नको असते, निवडीचे सुख हवे असते. ते सुख घेण्यात काहीही वावगे नाही. प्रश्न निर्माण होतो तो हेच सुख मनात घेऊन माणूस खऱ्या व्यवहाराला सामोरा जातो तेव्हा.

शिडी आणि साप

‘प्रॉपर्टी लॅडर’ या ब्रिटिश कार्यक्रमाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. जुने घर घ्यायचे, त्याची डागडुजी करायची आणि नफा घेऊन विकायचे, असा उद्योग करणारी नवखी माणसे त्यात दाखवली जात. सूत्रसंचालिका सारा बीनी त्यांना खर्च आवरण्याचा आणि स्वतःच्या आवडीपेक्षा ग्राहकाची गरज पाहण्याचा सल्ला देत. अनेक जण तो सल्ला बाजूला सारत, अंदाजपत्रक ओलांडत आणि तरीही नफ्यात राहत. यामागे त्यांचे कौशल्य फारसे नव्हते. त्या वर्षांत ब्रिटनमधील घरांच्या किमतीच झपाट्याने वाढत होत्या. चुका करणाऱ्यालाही चढता बाजार उचलून धरीत होता. प्रेक्षकाच्या मनावर मात्र एवढेच ठसत होते की, घर घेतले की पैसा वाढतो.

अमेरिकेतही २००५ मध्ये ‘फ्लिप धिस हाउस’ आणि ‘फ्लिप दॅट हाउस’ हे दोन कार्यक्रम सुरू झाले. घर घेऊन अल्पावधीत विकण्याच्या धंद्याला तिकडे ‘फ्लिप’ करणे म्हणतात. पुढच्याच वर्षी, म्हणजे २००६ मध्ये, अमेरिकेतील घरांच्या किमतींनी शिखर गाठले आणि नंतर त्या २०१२ पर्यंत सरासरीने चतुर्थांशाहून अधिक घसरल्या. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स या बँकेने दिवाळखोरी जाहीर केली, त्यामागे गृहकर्जांचाच डोंगर होता. हा डोंगर दूरचित्रवाणीने रचला, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. परतफेडीची ऐपत न पाहता दिलेली कर्जे आणि त्या कर्जांवर उभारलेले रोखे ही त्याची कारणे होती. परंतु किमती चढतच राहणार, या समजुतीला अशा कार्यक्रमांनी रोज रात्री खतपाणी घातले, हेही नाकारता येत नाही.

ब्रिटनमधील बाजार कोसळल्यावर ‘प्रॉपर्टी लॅडर’चे नाव बदलले. २००९ मध्ये तो ‘प्रॉपर्टी स्नेक्स अँड लॅडर्स’ म्हणून, म्हणजे सापशिडी या नावाने, पडद्यावर आला. भारतीय वाचकाला या नावाचे विशेष वाटावे. सापशिडी हा खेळ मूळचा भारतीय. महाराष्ट्रात तो मोक्षपट या नावाने ओळखला जाई आणि परंपरा त्याचा संबंध संत ज्ञानेश्वरांशी जोडते. त्या पटावरील शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे असत. शिडी चढताना साप विसरू नये, हा त्या पटाचा उपदेश. विलायतेतील कार्यक्रमाला शिडीशेजारी साप काढायला आठ वर्षे आणि एक जागतिक अरिष्ट लागले.

कॅमेरा जेथे थांबतो

या कार्यक्रमांत किंमत उच्चारली जाते, परंतु ती फेडली जाताना क्वचितच दिसते. ब्रिटिश कार्यक्रमातील सर्वांत उत्कंठेचा क्षण म्हणजे एजंटला केलेला दूरध्वनी. खरेदीदार देकार सांगतो, क्षणभर शांतता पसरते आणि देकार स्वीकारल्याचे कळताच सारे आनंदाने एकमेकांना मिठ्या मारतात. वास्तविक इंग्लंडच्या कायद्यानुसार लेखी करारांची देवाणघेवाण होईपर्यंत असा होकार कोणावरही बंधनकारक नसतो. मधल्या काळात विक्रेता दुसऱ्याचा चढा देकार स्वीकारू शकतो. लिलावाच्या कार्यक्रमात डागडुजीनंतर स्थानिक एजंट घराची जी किंमत सांगतात, ती त्यांचा अंदाज असतो. घर त्या किमतीला विकले गेलेलेच असते, असे नाही. पडद्यावरचा नफा आणि हाती आलेला पैसा यांत अंतर राहते.

त्याहून मोठे अंतर कर्जाचे. एक उदाहरण घेऊ. एखाद्या ग्राहकाने ४० लाख रुपयांचे गृहकर्ज ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ३४,७०० रुपये येतो. पहिल्या हप्त्यातील २८,३०० रुपयांहून अधिक रक्कम केवळ व्याजाची असते. मुद्दल जेमतेम ६,४०० रुपयांनी कमी होते. दर तोच राहिला तर वीस वर्षांत एकूण भरणा सुमारे ८३ लाख ३१ हजार रुपयांचा होतो. आणि निम्मे मुद्दल फिटण्यास दहा वर्षे पुरत नाहीत. जवळजवळ चौदा वर्षे लागतात. घरात प्रवेश करताना कडेवर असलेले मूल तोवर दहावीच्या परीक्षेच्या उंबरठ्यावर आलेले असते.

शिवाय दर तोच राहील, याची हमी नसते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. बदलत्या दराच्या गृहकर्जदारांना याची झळ थेट बसली. ज्याने ४० लाखांचे कर्ज ७ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतले, त्याचा हप्ता सुमारे ३१,००० रुपये. कर्ज घेतल्यानंतर लवकरच त्याचा दर ९.५ टक्के झाला, तर त्या महिन्याचे नुसते व्याजच ३१,६०० रुपयांवर जाते. जुना हप्ता भरत राहूनही कर्ज कमी होण्याऐवजी वाढू लागते! अशा वेळी हप्ता वाढवणे, काही रक्कम एकदम भरणे किंवा मुदत आणि हप्ता दोन्ही नव्याने बेतणे, याला पर्याय उरत नाही. हा प्रसंग कोणत्याही मालिकेत दाखवण्याजोगा नाट्यमय नाही. त्यात मिठ्या नाहीत, संगीत नाही. परंतु त्या कुटुंबाच्या आयुष्यात त्याचे मोल स्वयंपाकघरातील ओट्याच्या रंगाहून कितीतरी अधिक आहे.

आपल्याकडचे घर

भारतात घराची कथा प्रामुख्याने चित्रपटाने सांगितली, आणि ती वेगळ्याच सुरात. १९७७ मधील ‘घरौंदा’ या चित्रपटात मुंबईतील नोकरदार प्रेमी युगुल संसारासाठी घर शोधते आणि बांधकाम व्यावसायिकाच्या फसवणुकीला बळी पडते. २००६ मधील ‘खोसला का घोसला’ या चित्रपटात दिल्लीतील एका निवृत्तीला आलेल्या गृहस्थाचा आयुष्यभराच्या पुंजीतून घेतलेला भूखंड बळकावला जातो. दोन्ही कथांतील माणसांना घर निवडण्याची अडचण नव्हती. घर हाती पडेल की नाही, हीच त्यांची चिंता होती. परदेशी कार्यक्रमांची भारतीय प्रेक्षकाला वाटणारी भुरळ येथे अधिक उमगते. तेथे त्याला न्यायालय दिसत नाही, अर्धवट इमारत दिसत नाही, बनावट कागद दिसत नाही. निर्धास्तपणे घर घेता येते, असे एक जग त्याला दिसते.

दुसरा फरक असा की, त्या कार्यक्रमांतील घरे सहसा उभी असतात. आपल्याकडे मात्र असंख्य ग्राहक अस्तित्वात नसलेले घर घेतात. त्यांना दिसते ती नमुना सदनिका: निवडक सामान, उजळ दिवे, कोठेही न दिसणारी अडगळ. ती सदनिकाही दूरचित्रवाणीच्या नेपथ्यासारखीच सजवलेली असते. पडद्यावरच्या घरांनी सरावलेली नजर तेथे अधिकच सहज भुलते.

सुदैवाने कायद्याने या बाबतीत ग्राहकाच्या हाती काही साधने दिली आहेत. २०१६ चा स्थावर संपदा कायदा, म्हणजेच ‘रेरा’, १ मे २०१७ पासून पूर्णतः लागू झाला. त्यानुसार नोंदणीस पात्र असलेल्या प्रकल्पाची नोंदणी राज्याच्या प्राधिकरणाकडे झाल्याविना त्यातील सदनिकांची जाहिरात वा विक्री करता येत नाही. ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र बँक खात्यात ठेवावी लागते आणि ती जमीन व बांधकाम यांसाठीच वापरावी लागते. चटईक्षेत्राची व्याख्याही कायद्याने निश्चित केली आहे. प्रकल्पाची मंजुरी, मुदत आणि प्रगती प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते. तीन घरांची तुलना करण्यात जो उत्साह कार्यक्रम शिकवतात, त्यातील थोडा उत्साह ही पाने वाचण्यात खर्च झाला, तर कित्येक कुटुंबांची पुंजी वाचेल.

बँकेच्या मेजावर

येथवर दूरचित्रवाणीला बरेच बोल लावून झाले. परंतु न्यायाने पाहता बँकांनीही आपल्याकडे वळून पाहिले पाहिजे. गृहकर्जाच्या जाहिरातींत काय दिसते? हातात किल्ली घेतलेले तरुण दांपत्य, दारावर तोरण, अंगणात खेळणारे मूल. ‘स्वप्नातील घर’ हे शब्द तर जणू ठरलेलेच. बाराव्या वर्षी दर वाढल्याने मुदत लांबलेला कर्जदार कोणत्याही जाहिरातीत नसतो. कार्यक्रम ज्या ठिकाणी कॅमेरा थांबवतात, त्याच ठिकाणी जाहिरातीही थांबतात. बँकेचा आणि ग्राहकाचा खरा संबंध मात्र किल्ली हाती पडल्यानंतर सुरू होतो आणि वीस वर्षे टिकतो.

म्हणून कॅमेऱ्याने गाळलेला भाग दाखवण्याचे काम शाखेतील मेजावर व्हायला हवे. त्यासाठी नियमांची अनुकूलताही आहे. व्याजदर बदलल्यास त्याचा हप्त्यावर आणि मुदतीवर होणारा परिणाम ग्राहकाला सांगावा, तसेच हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे किंवा मुदतीपूर्वी रक्कम भरणे यांची निवड त्याला द्यावी, असे निर्देश रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये दिले. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांसाठी मुख्य तथ्यांचे विवरणपत्र देणे बंधनकारक झाले. त्यात सर्व आकारांसह येणारा वार्षिक खर्चाचा दर आणि परतफेडीचे वेळापत्रक असते. हे विवरणपत्र सहीपुरते पुढे सरकवले गेले, तर तो केवळ आणखी एक कागद ठरेल. अधिकाऱ्याने त्यातील पहिला हप्ता, साठावा हप्ता आणि एकशेविसावा हप्ता यांवर बोट ठेवून व्याज किती, मुद्दल किती, हे ग्राहकाच्या भाषेत सांगितले, तर त्याच कागदाचे मोल नमुना सदनिकेहून अधिक ठरेल. यासाठी दहा मिनिटे पुरतात. कर्जवाटपाच्या उद्दिष्टांच्या घाईत ही दहा मिनिटे काढणे सोपे नाही, हे कोणताही कर्मचारी सांगेल. तरीही थकलेल्या हप्त्याच्या वसुलीसाठी पुढे जे तास खर्ची पडतात, त्यांच्या तुलनेत हा सौदा स्वस्तच म्हणावा लागेल.

ग्राहकानेही आपल्या बाजूने काही प्रश्न विचारण्याचा संकोच बाळगू नये. दर दोन-अडीच टक्क्यांनी वाढला तर हप्ता किती होईल? घरातील एकाचे उत्पन्न सहा महिने थांबले तर हप्ता कोठून जाईल? मुद्रांक शुल्क, नोंदणी, अंतर्गत सजावट आणि सोसायटीचे मासिक शुल्क यांचा हिशेब कर्जाच्या बाहेर धरला आहे का? व्यक्तींच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क आकारले जात नाही. तेव्हा बोनस किंवा थकबाकीची रक्कम हाती आली की तिचा काही भाग मुद्दलाकडे वळवता येईल का? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक नसतील, तर थोडे लहान घर किंवा थोडा उशीर हाच शहाणपणाचा मार्ग. कार्यक्रमात तीन घरांपैकी एक घ्यावेच लागते. प्रत्यक्षात ‘तूर्तास यांपैकी एकही नाही’ हा चौथा पर्याय ग्राहकाच्या हाती सदैव असतो, आणि पुष्कळदा तोच सर्वांत चांगला असतो.

घरांचे कार्यक्रम पाहू नयेत, असा याचा अर्थ मुळीच नाही. दिवसभराच्या श्रमानंतर परक्या घराच्या खिडकीतून दिसणारे तळे पाहून मन सुखावत असेल, तर ते सुख जरूर घ्यावे. पाहता पाहता घरातल्यांनी आपापल्या गरजा एकमेकांना सांगाव्यात. मात्र घर घेण्याची वेळ आली की, दूरचित्रवाणी बंद करून त्याच माणसांनी कागद-पेन्सिल घेऊन एकत्र बसावे आणि चौदाव्या वर्षापर्यंतचा हिशेब मांडून पाहावा. तो जुळला, तर घर खुशाल घ्यावे.